आत खोचायचं टोक

डॉक्टरला माणसाचा ताप कळतो, इस्त्रीवाल्याला अख्खं घर कळतं. कुणाच्या शर्टाची कॉलर उलटवून शिवलीय, कुणाची साडी सणापुरती बहिणीकडून मागून आणलीय, कुणाची बायको माहेरी असताना त्याच्या खिशात सिनेमाची दोन तिकिटं निघाली, सगळं माझ्या टेबलावर उलगडतं. मी कुणाला सांगत नाही. विचारलं तरच सांगतो.

सुरतेच्या डिंडोलीत आमच्या वस्तीच्या तोंडाशीच माझी टपरी. वस्ती सगळी खानदेशी. कुणी शिरपूरचं, कुणी अमळनेरचं, कुणी नंदुरबारकडचं. पुरुष लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागावर, बायका घरी बसून साड्यांचे धागे कापतात, आणि मी लोटूभाऊ, सगळ्यांच्या सुरकुत्या काढतो. शहाण्णवच्या उन्हाळ्यात मात्र माझ्याच अब्रूला सुरकुती पडली.

झालं असं, की एका सकाळी इंदुबाई टपरीवर आल्या आणि आदल्या दिवशी नेलेली साडी त्यांनी माझ्या तोंडासमोर उलगडली.

"लोटूभाऊ, हे काय?"

साडीच्या आत खोचायच्या टोकाला बिस्किटाएवढा चौकोन गायब होता. नेसल्यावर कुणाला दिसणार नाही अशा जागी.

"उंदीर असेल, वहिनी."

"तुमच्याकडचे उंदीर कात्री घेऊन फिरतात का?"

कड खरोखरच सरळ कापलेली होती.

"इस्त्रीनं जाळली असेल तुम्ही. आणि जळकं कापून टाकलं, कळायला नको म्हणून."

संध्याकाळपर्यंत हे अख्ख्या ओळीत पसरलं. मी येईल ती साडी आधी टोकाशी तपासायला लागलो. एकीत चौकोन, दुसरीत चौकोन, शोभाच्या, म्हणजे माझ्याच बायकोच्या, रोजच्या नेसूतही चौकोन! तिची साडी तर मी कधी इस्त्री करत नाही. म्हणजे मी सुटलो. पण बायकांनी लगेच दुसरं काढलं: नेसूचा तुकडा नेलाय म्हणजे करणी. गावाकडे कुणाकुणाच्या पदराचा तुकडा गेला आणि पुढे काय काय झालं, याच्या गोष्टी भर दुपारी ओट्यावर रंगल्या. शोभानं माझ्या टपरीलाच लिंबू-मिरची बांधली. गिऱ्हाईक विचारायचं, "भाऊ, आत काय आहे?" मी म्हणायचो, "आत मी आहे, तेच पुरे."

आता चोर शोधणं मला भाग होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते काम आवडतं.

माझा संशय बन्सीलालच्या योगितावर गेला. का गेला, ते सांगतो.

बन्सीलाल माझ्या टपरीसमोरच्या घरात राहतो. लूमच्या खडखडाटात त्याचे कान गेले. स्वतःला ऐकू यावं म्हणून तो ओरडून बोलतो, त्यामुळे त्याच्या घरचं गुपित आधी आमच्याकडे येतं आणि मग त्याच्या बायकोकडे, मालतीबाईंकडे. एकच गोष्ट त्यानं कधी गुपित ठेवली नाही. लेक शाळेत शिक्षिका होणार. योगिता सातवीत असल्यापासून तो तिला "मॅडम" म्हणतो. "मन्ही पोर मॅडम व्हई! पंख्याखाली खुर्चीवर बसेल! हातात पर्स!" खात्यात पंखा नसतो, वाऱ्यानं धागा तुटतो म्हणे. त्यामुळे पंख्याखाली बसणं ही त्याच्या लेखी मोठी पायरी होती.

योगिता तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या कॉलेजात एक नियम होता, उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या कारखान्यात ट्रेनिंग करून यायचं. बाकीच्या पोरींनी साबणाचे, औषधांचे कारखाने पकडले. हिला मिळाली बमरोलीची साड्या रंगवायची आणि छापायची मिल. पहिल्या दिवशी ती वासानं डोकं धरून घरी आली. बन्सीलाल ओरडला, "सुट्टीपुरतं आहे! सर्टिफिकेट आणायचं आणि विसरायचं!"

पण पोरगी विसरेना. तिची नखं निळी व्हायला लागली, मग हिरवी, मग कसलीशी गुलाबी. नळावर पाणी भरताना ती बायकांच्या तोंडाकडे न बघता त्यांच्या निऱ्यांकडे बघायची. आणि एक दिवस ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. आजवर "काका, झाली का इस्त्री?" यापलीकडे तिनं माझ्याशी शब्द काढला नव्हता.

"काका, तुमच्या टेबलावरची ही चादर मला देता?"

मी खाली पाहिलं. इस्त्रीखाली अंथरायची जुनी चादर. ठिकठिकाणी गरम साड्यांचे डाग उमटलेले, कुठे लाल, कुठे जांभळे. भांडी पुसायलाही कुणी घेणार नाही अशी.

"कशाला गं?"

"हवीय. बदल्यात नवी देते." आणि तिनं खरंच पिशवीतून पांढरी शुभ्र चादर काढली.

"देऊ नका," शोभा घरात माझ्या कानाला लागली. "रोज तुमच्या हाताखाली असते ती. तुमच्यावरच काही करायचं असेल."

"माझ्यावर करण्यासारखं आता काय उरलंय?" असं म्हणून मी दिली. नवी चादर चांगली जाड होती. पण संशय मनात पक्का बसला. माझा हिशेब शोभापेक्षा वेगळा होता. कुणीतरी पोरगा आहे, शिंपी असणार, आणि हिच्या हातून कापडाचे नमुने मागवतो. साड्यांच्या पायी असले उद्योग सुरतेत काही नवे नाहीत.

मग मी गळ टाकला. शोभाची लाल छापील साडी टपरीमागच्या दोरीवर वाळत घातली आणि दुपारी, सगळी वस्ती डुलकी घेत असताना, कोळशाच्या पोत्यामागे दबा धरून बसलो. फार वेळ लागला नाही. योगिता आली. तिनं इकडेतिकडे पाहिलं, साडीचं टोक उचललं, उन्हात धरून त्यावरचा मिलचा शिक्का वाचला आणि ओढणीखालून छोटी कात्री काढली.

"काय करी ऱ्हायनी वं पोरी?" मी पोत्यामागून ओरडलो.

कात्री खाली पडली. ती पांढरीफटक झाली, पण मग माझं कोळशानं माखलेलं तोंड पाहून तिला हसू आवरेना.

"करणी करतेस का कुणावर?"

"करणी आपल्या बोअरच्या पाण्याची आहे, काका." ती पोत्यावरच बसली. "या साड्या आमच्याच मिलमधल्या. डागी म्हणून स्वस्तात विकल्या, वस्तीतल्या सगळ्यांनी घेतल्या. मिलमध्ये काय करतात, तुकडा एकदा धुतात, रंग टिकला की पास. पुढे बाईच्या अंगावर त्याचं काय होतं, खाऱ्या पाण्यानं, दगडावर आपटून, उन्हानं, तुमच्या इस्त्रीनं, ते कुणी बघायलाच येत नाही. मी ते तुकडे नेऊन नव्या तुकड्याशेजारी लावते."

"मग विचारून घ्यायचे."

"विचारलं असतं तर कुणी साडी कापू दिली असती?"

हे बरोबर होतं. शोभानं तर तिचा हातच कापला असता.

"आणि माझी चादर?"

"काका, कोणता रंग गरम इस्त्रीखाली पळतो हे सगळं तुमच्या चादरीवर उमटलंय! मास्तर बघतच राहिले."

मास्तर. माझे कान टवकारले. पण तिचा चेहरा एकदम उतरला.

"काका, मला बी.एड. नाही करायचं. मास्तर म्हणतात, शेवटचं वर्ष संपव आणि लॅबमध्ये ये. आणि रविवारी दोंडाईचाची माणसं येतायत."

ते मला माहीत होतं. बन्सीलालनं ते स्थळ सगळ्या वस्तीला ऐकवलं होतं. मुलाच्या काकांची शाळा आहे, लग्नानंतर बी.एड. करायचं, शाळेत जागा धरून ठेवलेली. शिक्षिका आणि सून, एका सुपारीत दोन्ही.

"साखरपुडा झाला की संपलं," योगिता म्हणाली. "बाबांना सांगायला तोंडच उघडत नाही माझं."

"आणि उघडलंस तर ओरडून सांग. नाहीतर त्याला ऐकू जाणार नाही."

ती हसली नाही. "तुम्ही कुणाला बोलू नका," म्हणाली. बघा, मला सांगते!

मी बोललो नाही. मात्र मास्तर काय चीज आहे ते बघायला सरळ बमरोलीला गेलो. योगिता आत छपाईवर गेलेली, तेवढी वेळ साधून लॅबमध्ये शिरलो. जेंतीमास्तर, मिलचा गुजराती कलर मास्टर, भिंतीकडे तोंड करून रंग तोलत होता. काय किती घेतो ते कुणाला दिसू नये म्हणून. कपाटातल्या डब्यांवर रंगांची नावं नव्हती, त्याच्या नातेवाईक बायकांची होती. कांतामासी, सविताफोई, मंजुभाभी. कृती चोरायला आलेल्या माणसाला कुणाच्या घरी पाहुणा म्हणून आल्यासारखं वाटावं.

"कौन?" तो वळलाच नाही.

"योगिताचा काका."

आता वळला. चष्म्यावर निळे ठिपके, वय माझ्याहून चांगलंच जास्त, तोंडात बडीशेप. माझ्या पोरगा-थिअरीचा तिथेच निकाल लागला, आणि खोटं कशाला बोलू, थोडी निराशाच झाली.

"सच्चा काका, के दुसऱ्या मिलनं पाठवला?"

"डिंडोलीत इस्त्री करतो मी."

"एम? असं काय?" त्यानं माझे हात पाहिले. कोळसा दिसल्यावर जरा सैल झाला. "भाई, मला पहिल्या दिवसापासून डाऊट होता. कॉलेजची पोरगी, एवढं मन लावून कोण काम करते? नक्की कोणाची जासूस. म्हणून मी तिला रंगाला हातच लावू नाही दिला. म्हटलं, बेटा, तुकडे धुवत बस. कंटाळून जाशील." त्यानं भिंतीकडे बोट केलं. "जुओ, काय केलं तिनं."

भिंतीवर माझी चादर टांगलेली होती. प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीनं गोल, आणि गोलाशेजारी नव्या कापडाचा तुकडा टाचलेला.

"ही माझी चादर आहे," मी छाती काढून म्हणालो.

"तमारी?" त्याचे डोळे पुन्हा बारीक झाले. "म्हणजे तुम्ही दोघं मिळून आहात."

दारापर्यंत पोहोचवताना तो म्हणाला, "आवी तो मी तिला शिकवीन. पण नाही येणार. शादी होते, पोरी जातात." आणि मी बाहेर पडल्याची खात्री करूनच तो परत तराजूकडे वळला.

रविवारी सकाळी योगिता टपरीवर आली. हातात एक नवा पांढरा रुमाल.

"काका, इस्त्री करून द्या. खळ घालू नका."

दिली करून. पाहुणे येणार, पोरीला रुमाल लागणारच, असं वाटलं.

पाहुणे आले. गणपतराव, दोंडाईचाला त्यांचं कापडदुकान. त्यांची बायको, अंगावर एवढं सोनं की बसताना आवाज व्हायचा. आणि मुलगा धर्मेंद्र, तो आला तेव्हापासून बशीतल्या चकलीकडे बघत होता. शेजारी म्हणून मी आणि शोभा होतोच. आम्ही नसतो तर कुणाला आवडलं नसतं.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. सुपारी ताटात होती. आमच्यात रीत अशी, की मुलाकडच्यांनी आणलेली साडी मुलीच्या ओटीत घालायची, तिनं आत जाऊन ती नेसून यायची आणि मग सुपारी फोडायची. गणपतरावांच्या बायकोनं कुंकू लावलं आणि लालभडक जरीकाठाची छापील साडी योगिताच्या ओटीत ठेवली.

"जा बाई, नेसून ये."

"मालती, पोरीला हसायला सांग!" बन्सीलाल बायकोच्या कानात कुजबुजला. ते मागच्या गल्लीतही ऐकू गेलं.

योगिता उठली नाही. तिनं ओटीतली साडी हळूच उलगडली, आत खोचायचं टोक शोधलं, रुमाल बोटाभोवती गुंडाळला आणि घासला. एकदा, दोनदा, दाबून. मग बोट वर केलं. रुमाल लाल झाला होता, कुंकू सांडावं तसा.

वर पंखा तेवढा गरगरत होता.

"हे काय केलंस गं?" सोनं वाजलं.

"बघत होते," योगिता खाली मान घालून म्हणाली. "रंग सुटतो का ते."

"आमच्या साडीचा? आमच्यावर संशय? ओटीतली साडी घासून बघते! उद्या माझ्या हातच्या भाकरीला रुमाल लावशील!"

"सवय लागलीय हो तिच्या हाताला," मालतीबाई रडकुंडीला आल्या. "ट्रेनिंगला जाते ना..."

"काय झालं? काय म्हणाल्या?" बन्सीलाल प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. कुणीच सांगेना.

आणि तेवढ्यात गणपतरावांनी हात पुढे केला. चष्मा लावला, शिक्का वाचला, टोक बोटात चुरगाळलं.

"दुसरीकडे लाव बघू."

योगितानं लावला. लाल.

"धुतली तर?"

"पहिल्याच धुण्यात परकर लाल होईल. छापल्यानंतर धुलाई नीट दिलेली नाही, वरचा रंग तसाच बसून राहिलाय."

गणपतरावांच्या कपाळावर घाम आला. "माझ्या दुकानात याचाच गठ्ठा आलाय. लग्नसराईसाठी."

"तुम्ही दुकान कसलं घेऊन बसलात?" त्यांची बायको उभी राहिली. "मला नको असली संशयी सून. उठा."

"तुम्ही पुढे व्हा," गणपतराव साडीची घडी घालत म्हणाले. "मी आज सुरतेतच राहतो. उद्या मार्केट उघडलं की त्या व्यापाऱ्याला धरतो. बाई, तो रुमाल दे गं मला."

"रुमाल माझा आहे," योगिता म्हणाली आणि मुठीत धरून बसली.

साडी घेऊन ते गेले, बायको आणि मुलगा भुसावळ पॅसेंजरनं गेले. धर्मेंद्रनं जाताना मालतीबाईंना वाकून नमस्कार केला आणि "चकली मस्त होती" एवढंच बोलला. पोरगा वाईट नव्हता.

मग कुणीतरी बन्सीलालला सगळं सांगितलं. असा ओरडला, की लूम बंद पडावेत.

"मॅडम होणार होतीस तू! शाळेत! पंख्याखाली!"

योगिता उठून उभी राहिली. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिचा खरा आवाज ऐकला. मी एकट्यानं नाही, अख्ख्या ओळीनं.

"बाबा! मला शाळेत नाही जायचं! मला रंगाच्या लॅबमध्ये जायचंय! मला कलर मास्टर व्हायचंय!"

ऐकू गेलं त्याला. मालतीबाईंनी पाणी दिलं, त्यानं पेला बाजूला ठेवला. मग त्यानं लेकीपुढे हात पसरला. तिनं लाल रुमाल त्यावर ठेवला. त्यानं तो उलटासुलटा केला, उजेडाकडे धरला.

"साडीचं कापड कसं होतं?" त्यानं विचारलं. हळू, म्हणजे आपण बोलतो तेवढ्या आवाजात.

योगिता त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "कापड चांगलं होतं, बाबा. कापडात खोट नव्हती."

"विणीत?"

"नव्हती. खोट रंगात होती."

"मग ठीक," तो म्हणाला आणि रुमाल परत दिला. त्यानंतर कितीतरी दिवस बापलेक बोलले नाहीत. शोभा म्हणायची, पोरीचं आता काही खरं नाही. पण पुढच्या वर्षी परीक्षा संपली आणि एका सकाळी समोरच्या दारातून आवाज आला, "ए मॅडम! डबा राहिला!" योगिता गल्लीच्या टोकावरून पळत परत आली. तिच्या खांद्याला पर्स होती, आणि ती बमरोलीच्या रस्त्याला लागली.

आता तिला लॅबमध्ये दोन वर्षं व्हायला आली. जेंतीमास्तर अजून भिंतीकडे तोंड करूनच रंग तोलतो, पण सविताफोईला हात लावायची परवानगी तिला मिळालीय. वस्तीतल्या बायका नवी साडी आधी तिच्याकडे नेतात आणि तिनं टोक कापलं नाही तर इंदुबाई रुसतात, "माझ्या साडीत काही बघण्यासारखं नाही का?" दोंडाईचाचे गणपतराव माल उचलण्याआधी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती नमुने पाठवतात. त्यांच्या बायकोला हे ठाऊक नाही. माझ्याकडून तरी कळणार नाही. विचारलं तर गोष्ट वेगळी.

सगळं गोड झालं म्हणता येईल. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. कोरड्या रुमालानं तेवढा रंग निघत नाही, हे आता मलाही कळतं. पाण्याचे पेले पाहुण्यांपुढे होते, त्यांना योगितानं हात लावलेला मी पाहिला नाही, आणि मी दुसरीकडे कुठे बघत नव्हतो. म्हणजे रुमाल ओला करूनच ती बाहेर आली होती. वर खळ नको म्हणालेली. खळ असती तर घासताना नीट कळलं नसतं.

परवा ती टपरीवर आली तेव्हा मी इंदुबाईंच्या नव्या साडीवरून इस्त्री फिरवत सहज विचारलं, "काय गं, त्या रविवारी रुमाल आधीच ओला कसा होता?"

"उन्हाळा होता, काका. घाम."

"एवढा?"

"तुम्ही नाही का घामाघूम होता?"

"आणि मग सवयीनं हात गेला ना तुझा? का मुद्दाम नेलास?"

ती माझ्या डोळ्यात बघत राहिली, मीही तिच्या डोळ्यात बघत राहिलो, आता सांगेल, मग सांगेल.

"काका," ती शेवटी म्हणाली, "खालून वास येतोय."

इस्त्री उचलली तेव्हा उशीर झाला होता. नशीब माझं, आत खोचायचं टोक होतं. मी आजूबाजूला पाहिलं, इंदुबाई कुठे दिसत नव्हत्या, आणि योगितानं न मागता ओढणीखालून कात्री काढून माझ्यापुढे धरली.